नऊ कुंड्या

आबांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती कोमट होती. कॉलेजच्या फाटकाशी वॉचमनच्या स्टुलावर ते बसले होते, धोतराचा सोगा मांडीवर नीट घेतलेला, डोक्यावर धुतलेली टोपी. धुळ्याहून सुटलेली एसटी पारोळ्याजवळ तास-दीड तास पंक्चर होऊन पडली होती, त्यामुळे मला चार वाजले होते आणि मार्चच्या उन्हानं डोकं भणभणत होतं. घरी न जाता मी सरळ कॉलेजात आलो होतो. आबा तिथे असतील असं वाटलं नव्हतं. "झालं तुह्यं काम," ते म्हणाले, आणि हसले. आई गेली त्याला चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत आबा हसलेले मी पाहिले नव्हते, त्यामुळे माझं लक्ष आधी त्या हसण्याकडेच गेलं, बोलण्याकडे नाही. मग किल्ली खिशात टाकताना बोटं नाकाजवळ गेली. धुराचा वास होता. ओल्या पानांच्या धुराचा. हा वास मी कुठेही ओळखला असता. माझं बालपण केळीच्या बागांत गेलंय. पण मी स्वतःला म्हटलं, चल, वॉचमननं पालापाचोळा पेटवला असेल. माणूस असाच असतो, एक-दोन मिनिटं मिळाली तर तेवढी तरी ढकलतो.

फाटकापासून वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या जाळीघरापर्यंत चालायला चार मिनिटं लागतात. आबा पुढे, मी मागे. माझ्या हातात एअरबॅग, बॅगेत धुळ्याच्या परीक्षेचे मार्कांचे कागद. त्या जाळीघरात नऊ कुंड्या होत्या, आणि त्यांत काय होतं ते सांगतो. चार वर्षं आबांना सांगितलं नाही, तेव्हा निदान इथे तरी धड सांगावं. दिसायला तंबाखूची रोपं. स्टाफरूममधले लोक त्यावरून माझी रोज टिंगल करायचे. "काय फिरके सर, मळायला झाली का तयार?" असं विचारत आणि स्वतःच खो खो हसत. हसेनात का! त्या रोपांच्या पानांत हरण्याचा विषाणू होता. हरण्या म्हणजे केळीचा रोग, पानावर पिवळे पट्टे पडतात, पोंगा म्हणजे शेंड्याची कोवळी सुरळी सडते, बाग बसते. पण माझा हरण्या नुसता हरण्या नव्हता. या विषाणूचा सगळा मजकूर तीन तुकड्यांत असतो, आणि त्यातल्या तिसऱ्या तुकड्यात मी एक परकी ओळ घुसवली होती. लाळ्या-खुरकूत होतो ना गुराढोरांना, त्याच्या विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनाचा एक लहानसा भाग. विषाणू पानाच्या पेशीत शिरला की स्वतःच्या हजारो नकला काढतो, त्याला दुसरं काही येतच नाही. त्या प्रत्येक नकलेबरोबर माझी ओळही उतरली जात होती, आणि तंबाखूच्या पानात लाळ्याचं प्रथिन तयार होत होतं. रोग नाही, नुसतं प्रथिन. उद्या कुणी शहाण्यानं ते चाऱ्याच्या पिकात उतरवलं असतं तर बैलानं पान खाल्लं की लस टोचल्यासारखं झालं असतं. असतं, असतं. माझं सगळं आयुष्य या एका शब्दावर चाललंय.

हे पुण्यात सुरू झालं, डॉ. मोघे बाईंच्या प्रयोगशाळेत. मी पीएचडी केली, मग आबा एकटे पडतील, आईचं दुखणं वाढलं म्हणून चार वर्षांपूर्वी जळगावला नोकरी धरली आणि ते काम सोबत घेऊन आलो. बाई म्हणाल्या, "फिरके, तिकडे तुम्हाला बर्फसुद्धा मिळणार नाही." बर्फ मिळाला, बर्फाचा कारखाना आहे की स्टेशनमागे. वीज मिळाली नाही. गेल्या मेमध्ये ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा तीन दिवस कॉलेजचा फ्रीज म्हणजे नुसतं लोखंडी कपाट झाला होता. नळ्या वितळलेल्या पाण्यात तरंगत होत्या, अर्ध्यांची झाकणं निघालेली, आत काळी बुरशी. मूळ नमुने तिथेच संपले. पुण्यातले जुने नमुने आधीच प्रयोगशाळा हलवताना गहाळ झाले होते. उरला तो जिवंत पानांतला विषाणू. तो कसा टिकवायचा? एका रोपाचं पान वाटायचं, रस काढायचा, तो दुसऱ्या कोवळ्या रोपाच्या पानावर बारीक वाळूसारख्या पुडीनं घासायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आणि यातली मेख अशी की विषाणूला परक्याची ओळ जड होते. घासता घासता, एका रोपातून दुसऱ्यात जाता जाता तो ती हळूच टाकून देतो. मग रोप तसंच चट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, पण आत नुसता हरण्या. तुमची ओळ गेलेली असते, आणि दिसत काहीच नाही. कळतं फक्त कागदावर: पानाचा रस टिपकागदावर ठेवायचा, वर लाळ्याचं प्रथिन ओळखणारा, पुण्याहून आणलेला सीरम, आणि थांबायचं. ओळ असेल तर ठिपका जांभळा होतो.

दहा महिन्यांत माझ्या तेवीस रांगा अशा गेल्या. रांग म्हणजे एका रोपापासून घासत पुढे नेलेल्या रोपांच्या पिढ्या. एकेक करून ठिपके फिकट होत होत पांढरे झाले. एकच रांग तगली. का तगली देव जाणे. सोळाव्या घासणीनंतरही तिच्या नऊच्या नऊ कुंड्यांचा ठिपका गडद जांभळा. त्या दिवशी सीरमचा शेवटचा थेंब संपला आणि मी प्रयोगशाळेत एकटाच रडलो, हे मंदालासुद्धा सांगितलं नाही. मंदा माझी बायको, दोंडाईच्याला शाळेत शिकवते, शनिवारच्या पॅसेंजरनं येते आणि सोमवारी पहाटे जाते. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "बरं झालं, आता तरी जेवा वेळेवर." मोघे बाईंना मात्र पत्र टाकलं. त्यांचं उत्तर माझ्या शर्टाच्या खिशात होतं, धुळ्यातही होतं, घामानं मऊ पडलेलं. त्या एकतीस मार्चला निवृत्त होणार. "गुरुवारपर्यंत ताजी पानं घेऊन या. ठिपका आला तर तुमच्यासाठी तीन वर्षांची जागा मी मागून ठेवली आहे. नाही आला तर फिरके, आपण दोघांनीही हे आता थांबवू." आज मंगळवार होता. उद्या रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलेलं होतं, थर्मोकोलचा डबा धुऊन ठेवला होता. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. अशी पत्रं दुसऱ्यांदा येत नाहीत.

आणि मध्येच ही धुळ्याची परीक्षा. बहिःस्थ परीक्षक म्हणून विद्यापीठाचा हुकूम, नाही म्हणायची सोय नाही. जाळीघर बघायला झिपरू होता, आमचा लॅब अटेंडंट, साक्रीकडचा, पन्नाशीचा. तो त्या रोपांना माझ्यापेक्षा जास्त जपायचा, विडीसुद्धा फाटकाबाहेर ओढायचा. "सर, तुम्ही जा. मी शे ना आठे," असं शनिवारी म्हणाला आणि रविवारी सकाळी दारात उभा. शिरपूरला दिलेली मुलगी बाळंत होणार होती, सांगावा आला होता. हातात पिशवी, तोंड कसनुसं. "पन सर, दोन दिन पानी कोन टाकी?" मी म्हटलं जा रे बाबा, बघतो मी. तो गेला, आणि मी मागे वळलो तर आबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. ते रोज असेच बसतात. निंभोऱ्याकडची बाग काकांच्या मुलांनी कसायला घेतली, आई गेल्यावर मी त्यांना इथे आणलं, आणि तेव्हापासून ते रस्त्याकडे बघतात. रस्त्यावर काय आहे? एक सायकलचं दुकान. पूर्वी मी गावी गेलो की आणि आता इथेही कधीतरी विचारायचे, "सुकदेव, तू करतो तरी काय रे कॉलेजात?" मी म्हणायचो, "झाडं वाढवतो, आबा." ते म्हणायचे, "झाडं तं मी बी वाढवली." झालं, तिथे आमचं बोलणं संपायचं. मला कंटाळा यायचा सांगायचा. खरं सांगायचं तर कंटाळाही नव्हता, मला वाटायचं त्यांना कळणार नाही. शिकलेल्या माणसाचा माज, दुसरं काय!

रविवारी मी त्यांना किल्ली दिली. "आबा, दोन दिवस सकाळी झारीनं पाणी घाला. बुंध्याशी घाला, पानांवर नको. बाकी कशाला हात लावू नका." त्यांनी किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. या शहरात त्यांना कुणी काम सांगितल्याची ती पहिली वेळ होती. "बरं," म्हणाले. मी जे सांगितलं नाही ते असं: जाळीघराच्या डाव्या कोपऱ्यात एक केळीचं रोपही होतं. सात वर्षांपूर्वी आमच्याच शिवारातून आणलेल्या मूळ रोगाचं, घासून घासून जिवंत ठेवलेलं, तुलनेसाठी. पोंग्यापासून खालपर्यंत पिवळे पट्टे. ते रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे मला ते दिसेनासंच झालं होतं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आबा उजाडता उजाडता बागेत शिरायचे आणि मी मागे. ओळीच्या ओळी ते मान वर करून चालायचे, एक शब्द नाही. आणि एकाएकी थांबायचे. "हरण्या." एवढंच. मग पुना नावाच्या सालगड्याला हाक नाही, बोलणं नाही, ते स्वतः कुदळ घ्यायचे. झाड मुळासकट काढायचं, हलवायचं नाही, नाहीतर पानांवरची मावा नावाची बारीक कीड उडते आणि रोग घेऊन जाते. गोणपाटात गुंडाळून बांधावर न्यायचं, रॉकेल, काडी. आणि मग परत येऊन त्याच्या दोन्ही बाजूंची झाडंही तशीच काढायची. मी एकदा म्हटलं, "आबा, हे तर चांगलं हाये." हिरवंगार होतं ते, कमळ म्हणजे केळफूल फेकायला आलेलं. आबा म्हणाले, "चांगलं दिसतं. आतून गेलेलं हाये ते." तिन्ही झाडं जळाली. त्यांना वाईट वाटत नसेल असं नाही, पण त्या बाबतीत त्यांना दया नव्हती, आणि म्हणूनच आसपासच्या बागा बसल्या तरी आमची कधी बसली नाही. मला ते पट्टे फार आवडायचे. हिरव्यावर पिवळे, कुणी सावकाश कुंचला फिरवल्यासारखे. एकदा मी जळणाऱ्या ढिगातून एक पानाची पट्टी ओढली आणि भूगोलाच्या वहीत लपवली. चार दिवसांनी आबांना सापडली. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी मला, ओल्या दोरानं. आई मध्ये पडली तेव्हा तिलाही एक बसला. "घरात ठेवतो? हरण्या घरात ठेवतो?" असं ते ओरडत होते आणि त्यांचा आवाज चिरकत होता. तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं की ते घाबरले होते.

ते घाबरलेले मी आणखी एकदाच पाहिले, मण्या नावाचा बैल लाळ्यानं पडला तेव्हा. तीन दिवस ते गोठ्यात तुरटीच्या पाण्यानं त्याचं तोंड धूत बसले होते. बैल वाचला, पण पुढे कधी उन्हात उभा राहू शकला नाही, धापा टाकायचा. मोघे बाईंनी विचारलं होतं, इतक्या प्रथिनांतून तुम्ही हेच का निवडलंत? मी इंग्रजीत काहीतरी भारदस्त उत्तर दिलं होतं.

"पाय उचल," आबा पुढून म्हणाले. मी मागे रेंगाळत होतो. पाणीटाकीपाशी वळलं की जाळीघर दिसतं, आणि मला वळायचं नव्हतं. धुळ्यात हे दोन दिवस मी सुखात होतो, हे सांगायला लाज वाटते. परीक्षेनंतर मस्त शेवभाजी खाल्ली, लॉजच्या गच्चीवर बसून पुण्यातल्या खोलीचं भाडं किती असेल याचा विचार केला. आज सकाळी तोंडी परीक्षेत एका मुलीला विचारलं, विषाणू जिवंत की निर्जीव? ती म्हणाली, "सर, त्याला कुणी आत घेतलं तर जिवंत." मी खूश होऊन तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. तेव्हा किती वाजले असतील? दहा, साडेदहा. पुढे आबांनीच सांगितलं, त्यांनी काडी लावली तेव्हा कॉलेजची दहाची घंटा झाली होती.

जाळीचं दार उघडंच होतं. किल्ली मला कशाला दिली कोण जाणे. आत नऊ कुंड्या उपड्या, ओळीनं, घासून पुसून मांडलेल्या. माती नव्हती. कोपऱ्यातल्या केळीच्या जागी हातभर खोल खड्डा, त्यात चुना. जमिनीवरही चुना शिंपडलेला, खराट्यानं सारखा केलेला. इतकं स्वच्छ जाळीघर मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला, भिंतीपाशी, राखेचा ढीग होता आणि त्यातून अजून बारीक धूर निघत होता. मी गुडघ्यावर बसलो आणि हात घातला. पोळला. तरी घातला. एक देठ, काळा. आणखी एक. पान म्हणावं असं एकही नाही. आबा काम चोखच करतात.

"काल पाणी घातलं तवा ध्यानात नही आलं," ते माझ्या मागे उभं राहून सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात जुना, बागेतला जोर होता. "डोळे गेले रे आता. आज उजेडात पाह्यलं तं कोपऱ्यात केळ. पट्टेच पट्टे! मंग ते बाकीचे पाह्यले, त्याह्यले बी तसेच डाग. म्हटलं, पोरगा दोन दिस गावाले काय गेला अन् हरण्या शिरला. तुले कसं इचारू? फोन कोठी करू? तू येईपावतर थांबलो असतो तं सम्द्या कॉलेजात पसरला असता. एक बी नही ठेवलं. न हलवता काढले. माव्याचा एक किडा नही उडू देला." मी उठलो नाही. मला ओरडायचं होतं. तोंडापर्यंत शब्द आले होते, इतके घाणेरडे की मीच दचकलो. हात लावू नका म्हटलं होतं ना? म्हटलं होतं. पण कोणत्या केळीवाल्याला हरण्या दिसल्यावर हात लावू नको म्हणून सांगता येतं? आणि मी कुठे सांगितलं होतं की हा मीच घातलाय, मीच पोसलाय? चार वर्षं ते विचारत होते.

"कशाचे व्हते रे ते बाकीचे?" आबांनी विचारलं. आवाज थोडा खाली आला होता. माझ्या पाठीकडे बघून त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "कामाचे व्हते का?"

ही एक वेळ होती. सगळं सांगता आलं असतं, लाळ्याची ओळ, मण्या, जांभळा ठिपका, गुरुवार. त्यांना कळलं असतं. आता मला नक्की वाटतं की त्यांना सगळं कळलं असतं, आणि मग ते ओट्यावर जाऊन बसले असते आणि पुन्हा कधी उठले नसते. मी म्हणालो, "तंबाखू होती, आबा."

"तंबाखू!" ते मोकळं हसले. "मंग काही नही बिघडलं. मी तं घाबरलोच व्हतो."

मी हात झटकले. बोटांवर फोड येत होते. खिशातलं बाईंचं पत्र छातीला चिकटलं होतं. आता फोन करावा लागणार, स्टेशनरोडच्या बूथवरून, आणि बाई म्हणतील, ठीक आहे फिरके, तब्येतीला जपा. तेवढ्यात आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राची एक घडी काढली. इकडेतिकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, चोरी केलेल्या पोरासारखा. "तुह्यासाठी ठेवलं एक," ते म्हणाले. "पान. ठेवू नये खरं तं."

पान! मी भिंत धरून ताडकन उठलो. एक पान पुरे होतं. आजचं सकाळचं, कागदात गुंडाळलेलं, अजून ओलसर असणार. वाटायचं, रस काढायचा, प्रयोगशाळेच्या खिडकीत कोवळी रोपं तयार होतीच, संध्याकाळच्या आत घासून टाकलं असतं. उरलेलं बर्फात घालून उद्याच्या गाडीनं पुण्याला. एवढ्याशा रसातही ठिपका आला असता. मी घडी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. कागद फाटला. आत हातभर लांब पट्टी होती, गुळगुळीत, मधल्या शिरेपासून फाडलेली, हिरव्यावर पिवळे पट्टे.

केळीचं पान होतं. कोपऱ्यातल्या रोपाचं. नुसता हरण्या, जसा सात वर्षांपूर्वी बागेतून आणला होता तसा.

"तुले आवडे ना लहानपनी," आबा म्हणत होते. "वहीत ठेवलं व्हतं तू. मी लई मारलं व्हतं तुले त्याच्यापायी. तुह्या मायले बी." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "ती जाईपावतर बोलून दाखवे मले. म्हटलं, आता एकदा त्याले पाहू द्यावं."

मी पान हातात धरून उभा होतो. ऊन जाळीतून त्याच्यावर पडलं होतं आणि पट्टे अगदी तसेच होते, कुणी सावकाश ओढल्यासारखे. मी म्हणालो, "हो आबा. आवडायचं." मला त्यांच्या पायावर डोकं आपटावंसं वाटत होतं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. यातलं काहीच केलं नाही.

"पाह्यलं ना?" थोड्या वेळानं ते म्हणाले. "मंग जाळून टाक आता. घरी नको नेऊ."

मी खिसे चाचपले. आबांनी बंडीतून काड्यापेटी काढली, वाऱ्याला पाठ करून काडी ओढली आणि हाताच्या आडोशानं माझ्यापुढे धरली.